देव चोरी करतो तेव्हा

सूनिसच्या राजाच्या तुरुंगात जेन नावाचा एक पोरगा साखळदंडात पडला आहे. गुत्त्यात बसून त्यानं बढाई मारली होती की आपल्याला चोरता येणार नाही अशी वस्तूच जगात नाही, आणि लोकांना पटावं म्हणून चोरलेली राजमुद्रा काढून दाखवली होती. राजाचा पंडित त्याला बाहेर काढतो, कारण त्याला चोर हवाच आहे. दूर डोंगरांपलीकडे नदीच्या पोटात दडलेल्या देवळात एक दगड आहे. तो देवांनी एका राजाला दिलेला. ज्याच्या हाती तो दगड, तो एडिस राज्याचा खरा धनी. वर्षातल्या मोजक्या रात्री तिथलं पाणी ओसरतं. तेवढ्यात आत शिरायचं, चक्रव्यूहातून वाट काढायची आणि पाणी परतायच्या आत बाहेर यायचं.

मेगन व्हेलन टर्नर या अमेरिकी लेखिकेची ही कादंबरी, ‘द थीफ’, १९९६ साली आली. तिच्यातला देश ग्रीससारखा आहे. तिथं ऑलिव्हची झाडं आहेत, उन्हानं तापलेले डोंगर आहेत. देव मात्र लेखिकेनं स्वतः घडवले. त्यांच्या जन्मांच्या आणि भांडणांच्या कथा पात्रं वाटेत एकमेकांना सांगतात. त्या कथांमध्ये चोरांचाही एक देव आहे, युजेनिडीज. पंडिताला या साऱ्या जुन्या लोकांच्या गोष्टी वाटतात. दगड खरा असो वा नसो, लोकांचा त्यावर विश्वास आहे आणि त्या विश्वासावर राज्य मिळवता येतं, एवढ्याशीच त्याला कर्तव्य. पण पोरगा गाभ्यात पोचतो तेव्हा मूर्ती वाटलेल्या आकृती जिवंत निघतात. सगळे देव तिथं आहेत, महादेवीही आहे, आणि त्यांच्यासमोर त्याला तो दगड उचलायचा आहे.

मालकिणीच्या डोळ्यांदेखत उचललेल्या वस्तूला चोरी म्हणायचं का? तिला हात धरता आला असता आणि तिनं धरला नाही, तर ती देणगी झाली का? आणि चोरानं कुणाला नमस्कार करून घराबाहेर पडावं, हा प्रश्न माणसांना मुळात पडलाच कशाला? साहसकथा म्हणून वाचणाऱ्या मुलांना हे प्रश्न अडवत नाहीत. धर्माचा विचार करणाऱ्यांना ते अडीच हजार वर्षं अडवत आले आहेत.

टर्नरच्या चोरदेवाला एक खरा, फार जुना भाऊबंद आहे. होमरच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या स्तोत्रांपैकी हर्मीसचं स्तोत्र ५८० ओळींचं आहे आणि त्याचा निम्म्याहून मोठा भाग एका चोरीच्या हकिगतीनं व्यापला आहे. हर्मीस पहाटे जन्मतो, किलीनी पर्वतावरच्या गुहेत, माया नावाच्या अप्सरेच्या पोटी. दिवस महिन्याचा चौथा. मराठी वाचकाला चतुर्थीचा आळ आठवेल. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे. दुपारी हे बाळ पाळण्यातून उतरतं, दारात दिसलेल्या कासवाच्या कवचाला मेंढीच्या आतड्याच्या सात तारा लावून वीणा बनवतं. संध्याकाळी पिएरियाला जाऊन आपल्या थोरल्या सावत्र भावाच्या, अपोलोच्या, कळपातल्या पन्नास गाई पळवतं. गाईंना उलटं चालवतं, म्हणजे माग काढणाऱ्याला खूर उलट्या दिशेचे दिसावेत. स्वतःच्या पायांना झाडाच्या डहाळ्या बांधतं, म्हणजे पाऊल कुणाचं ते कळू नये.

आल्फियस नदीकाठी पोचल्यावर हर्मीस काटकी काटकीवर घासून अग्नी पेटवतो, दोन गाई मारतो, मांस भाजतो आणि त्याचे बारा वाटे करतो. बारा देवांचे बारा, आणि त्यांतला एक त्याचा स्वतःचा, असा अर्थ अभ्यासक लावतात. भाजलेल्या मांसाचा वास सुटतो. बाळ भुकेलं आहे. पण तो घास तोंडात घालत नाही. मांस गोठ्यात उंचावर ठेवून देतो, आग विझवतो आणि धुक्यासारखा दाराच्या छिद्रातून घरात शिरून दुपट्यात पडून राहतो.

का खाल्लं नाही? स्तोत्र त्याचं उत्तर एका वाक्यात देत नाही, पण पुढच्या प्रसंगातून ते दिसतं. आई रागावते तेव्हा हर्मीस सांगतो की आपण दोघांनी या गुहेत नैवेद्यावाचून, कुणी नाव घेत नसताना का पडून राहायचं? अपोलोला जो मान आहे तो मला हवा. बापानं, झ्यूसनं, दिला नाही तर चोरांचा नायक होईन. या मुलाला गाई नको आहेत. त्याला पंगतीत पान हवं आहे. देव घास गिळत नाहीत, त्यांना वास पोचतो, धूर पोचतो. मांस माणसं खातात. तो घास त्यानं खाल्ला असता तर तो भुकेला गुराखी ठरला असता. न खाल्ल्यानं तो देव ठरतो. नंतर अपोलो त्याला पकडतो, तो बिनदिक्कत नाकारतो (मी तर काल जन्मलो, असं सांगतो), झ्यूस हसतो आणि दोघांना मिळून गाई शोधायला पाठवतो. शेवटी हर्मीस वीणा वाजवतो. अपोलो असा विरघळतो की वीणेच्या बदल्यात गाई त्यालाच देऊन टाकतो. चोरीची देवघेव होते, भांडणाचं सख्य होतं. तरीही अपोलो त्याच्याकडून शपथ घेतो की माझी वीणा आणि माझं धनुष्य चोरणार नाहीस.

ग्रीकांनी ही गोष्ट नुसती ऐकली नाही. सामोस बेटावर हर्मीसच्या एका उत्सवात ज्याला वाटेल त्यानं चोरी करावी, कपडे लंपास करावेत, अशी मुभा होती, असं प्लुटार्क नोंदवतो. कारणही देतो. संकटात सापडलेले सामोसचे लोक देववाणीच्या सांगण्यावरून समोरच्या मिकालीला गेले आणि दहा वर्षं लुटारूपणावर जगले. त्याची ती आठवण. एका समाजानं आपल्या वाईट दिवसांतली करणी लपवण्याऐवजी देवाच्या स्वाधीन केली, ही मोठी गोष्ट आहे.

पण तत्त्वज्ञांना हे सोसलं नाही. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात झेनोफनीसनं होमर आणि हेसिअडवर ठपका ठेवला की माणसांत जे लाजिरवाणं मानतात ते सगळं, चोरी, व्यभिचार, फसवणूक, यांनी देवांच्या माथी मारलं. प्लेटो तर ‘लॉज’च्या बाराव्या पुस्तकात कायदा सांगता सांगता थांबून बजावतो की झ्यूसच्या कुठल्याही पुत्रानं कधी चोरी किंवा दरोडा केलेला नाही, कवींच्या भूलथापांना बळी पडून कुणी तसं मानू नये. त्याला चिंता देवाच्या अब्रूची कमी आणि नागरिकाची जास्त. देव करतो मग मी का नको, असं म्हणणाऱ्या माणसाला नगरानं काय सांगायचं?

हाच प्रश्न भागवतात राजा परीक्षितानं विचारला आहे. दशम स्कंधात रासलीला ऐकून झाल्यावर तो शुकाचार्यांना अडवतो: धर्माची घडी बसवायला जो अवतरला त्यानंच अधर्माचं आचरण कसं केलं? प्रश्न रासाबद्दलचा, पण लोण्याच्या चोरीलाही तो तितकाच लागू आहे. शुकांचं उत्तर प्रसिद्ध आहे. तेजस्वी लोकांना दोष लागत नाही, अग्नीत काहीही पडलं तरी अग्नी मळत नाही. पण जो ईश्वर नाही त्यानं मनानंसुद्धा त्याचं अनुकरण करू नये, रुद्र नसताना हलाहल पिणारा मरेलच. प्लेटोनं गोष्टच नाकारली, शुकांनी ती राखली आणि भोवती कुंपण घातलं. त्यांनी देवाची कथा सोवळी केली नाही यात त्यांचा प्रामाणिकपणा आहे. तरी हे उत्तर पुरं वाटत नाही. सामर्थ्य असलेल्याला दोष नाही हे तत्त्व सिंहासनावर बसलेल्या कुणाच्याही तोंडी गेलं तर काय होतं, हे इतिहासात सर्वत्र दिसतं. देवाला सूट मिळाली आणि कारण एवढंच की तो बलवान आहे, तर त्या सुटीत पूज्य काय उरलं?

याहून चांगलं उत्तर भागवतातच आहे, फक्त ते कुणाच्या उपदेशात नाही, गोकुळातल्या तपशिलांत आहे. गवळणी यशोदेकडे गाऱ्हाणी घेऊन येतात. हा अवेळी वासरं सोडतो, शिंक्यावर हात पोचला नाही तर मडक्याला भोक पाडतो, दूध-दही चोरतो, आणि ते माकडांना वाटतो. एखादं माकड खाईना तर भांडंच फोडतो. पुढच्याच अध्यायात यशोदा त्याला पाहते तेव्हा तो पालथ्या उखळावर बसून माकडाला लोणी भरवत असतो आणि चोरासारखा इकडेतिकडे बघत असतो. नंदाच्या घरी गाईंची काय वाण होती? लोण्याची गरज नसलेल्या घरातलं पोर शेजारचं लोणी काढून ज्याच्या मालकीचं जगात काहीच नाही अशा प्राण्याला घालतं. गवळणींची तक्रारही अशी की ती सांगताना त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. चोरीनं इथं घरं दुभंगत नाहीत, एकमेकांत गुंततात. आल्फियसच्या काठी न खाल्लेला घास आणि उखळावरून माकडाला भरवलेला घास एकमेकांना ओळखतात.

महाभारताच्या आदिपर्वातला गरुडही याच घराण्यातला. आई विनता कद्रूची दासी झालेली. तिच्या सुटकेची किंमत म्हणून सापांना अमृत आणून द्यायचं. गरुड देवांशी झुंजतो, धारदार आऱ्यांच्या फिरत्या चक्रातून अंग आक्रसून शिरतो, पहाऱ्यावरच्या दोन नागांना मारतो आणि अमृताचा कुंभ घेऊन आकाशात झेपावतो. अमरत्व चोचीत असताना तो एक थेंबही पीत नाही. याच निर्लोभीपणावर विष्णू प्रसन्न होतो आणि अमृत न पिताच त्याला अमर करतो. इंद्र वज्र मारतो, गरुड मान म्हणून एक पीस टाकतो, आणि दोघांची मैत्री होते. कुंभ दर्भावर ठेवला जातो, विनता सुटते, साप अंघोळीला जातात, इंद्र अमृत परत नेतो. सापांच्या हाती फक्त दर्भ चाटून चिरलेली जीभ राहते. ज्यांना ते प्यायचं होतं त्यांच्याकडे ते गेलं नाही. ज्यानं ते आणलं त्याला ते नको होतं.

भारतीय ग्रंथांनी चोराची व्याख्याच या अंगानं केली आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतो की देवांनी दिलेलं त्यांना न देता जो एकटाच भोगतो तो चोर. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म समजावताना आणखी पुढे जातो: पोट भरेल तेवढ्यावरच देहधाऱ्यांचा हक्क, त्याहून अधिकावर जो आपलं म्हणून हात ठेवतो तो चोर आहे आणि दंडाला पात्र आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत गांधींनी अस्तेयावर लिहिलं तेव्हा हाच धागा त्यांच्या हाती होता. ज्याची आपल्याला गरज नाही ते घेणं, मग ते परवानगीनं का असेना, ही चोरीच. या मोजमापानं पाहिलं तर तिजोरी भरून कुलूप लावणारा सावकार चोर ठरतो आणि लोणी वाटणारा पोरगा सुटतो. शुकांनी सामर्थ्याच्या नावावर जी सूट दिली ती इथं त्यागाच्या नावावर मिळते, आणि ती माणसालाही लागू पडते. टर्नरच्या कथेतही दगड चोराच्या खिशात राहत नाही. तो पोरगा खरा एडिसच्या राणीचा चुलतभाऊ आणि तिच्या राज्याचा वंशपरंपरागत चोर निघतो, दगड तिच्या हाती देतो. आणि ती पुढे तो ज्वालामुखीत टाकून देते, म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा कुणी कुणाचा गळा कापू नये.

मात्र इथं थांबून समाधान मानलं तर ज्याचं गेलं त्याला आपण विसरलो असं होईल.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक मराठी रसिकांना देवलांच्या नाटकामुळे ठाऊक आहे. तरुण, ब्राह्मण, हुशार आणि प्रेमात पडलेला. वसंतसेनेची दासी मदनिका हिची सुटका विकत घ्यायची म्हणून तो चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडतो. आधी कार्तिकेयाला आणि चौर्यशास्त्राच्या आचार्यांना वंदन करतो. भोक कमळासारखं पाडावं की चंद्रकोरीसारखं की पूर्णकुंभासारखं, याचा रसिकतेनं विचार करतो. मोजायची दोरी विसरली म्हणून जानव्यानं माप घेतो. तोही स्वतःसाठी काही नेत नाही. दासीला स्वतंत्र करण्यासाठी नेतो. वसंतसेना त्या दोघांचं बोलणं ऐकते आणि मदनिकेला मोकळी करते. किती सुंदर!

पण चारुदत्ताच्या घरी त्या सकाळी काय झालं? दागिने वसंतसेनेनं ठेवायला दिलेले, त्याचे नव्हते. चोरानं ते नेले यावर गरीब माणसाचं म्हणणं कोण खरं मानणार, याची त्याला धास्ती पडली. मग त्याची बायको धूता हिनं माहेरचा रत्नहार गळ्यातून काढला आणि नवऱ्याच्या अब्रूसाठी देऊन टाकला. एका बाईच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्या बाईच्या गळ्यातून वसूल झाली. शूद्रक थोर, कारण त्यानं हे दोन्ही एकाच नाटकात ठेवलं. शर्विलकाचं मन निर्लोभी होतं म्हणून धूतेचा हार परत येत नाही.

तमिळ वैष्णवांचा तिरुमंगै आळ्वार याहून अवघड. हा सरदार भक्तांना जेवू घालण्यासाठी वाटमारी करायचा. नवरदेवाच्या रूपात आलेल्या विष्णूलाच त्यानं लुटलं आणि त्या लुटीत त्याला मंत्र मिळाला, अशी कथा आहे. इथवर मन कथेबरोबर चालतं. पण गुरुपरंपरेची चरित्रं पुढं सांगतात की श्रीरंगमच्या देवळाचं बांधकाम व्हावं म्हणून त्यानं नागपट्टणमच्या बौद्ध विहारातली सोन्याची मूर्ती चोरून वितळवली. त्यानंही स्वतः काही खाल्लं नाही. सगळं देवाला दिलं. नागपट्टणमच्या भिक्खूंना त्याचं काय? ज्या मूर्तीपुढं त्यांनी डोकं ठेवलं ती दुसऱ्याच्या देवाचा तट झाली. निर्लोभी चोराच्या कल्पनेला गेलेला हा सर्वांत खोल तडा आहे. आपण स्वतःसाठी घेत नाही, देवासाठी घेतो, धर्मासाठी घेतो, असं म्हणत जगात केवढी लूट झाली आहे! हर्मीसनं आणि गरुडानं जे घेतलं ते बलिष्ठांकडून घेतलं, आणि अखेरीस ज्याचं नेलं त्याच्याशी त्यांचं सख्य झालं. तिरुमंगैच्या कथेत नागपट्टणमशी सख्य झालेलं नाही. त्यागी असणं पुरेसं नाही. ज्याचं नेलं त्याच्यासमोर उभं राहता आलं पाहिजे. कृष्ण यशोदेला पाहून आधी पळाला, पण सापडल्यावर रडला आणि तिला दाव्यानं बांधू दिलं. टर्नरच्या दुसऱ्या कादंबरीत तर चोर पकडला जातो आणि अटोलियाची राणी त्याचा उजवा हात तोडायला लावते. देवांनी आपल्याला का सापडू दिलं, हे तो पुढे देवांनाच विचारतो. किशोरवाचकांसाठी लिहिणाऱ्या लेखिकेनं ही किंमत टाळली नाही, याबद्दल तिचा आदर वाटतो.

आता चतुर्थीचा आळ. सत्राजितापाशी स्यमंतक मणी होता, रोज आठ भार सोनं देणारा. तो राजा उग्रसेनाला द्यावा असं कृष्णानं सुचवलं, सत्राजितानं नाकारलं. त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला आणि सिंहाच्या तोंडी पडला. तो सिंह जांबवानानं मारला. गावात कुजबुज झाली की कृष्णानंच मण्यापायी प्रसेनाला मारलं. ज्यानं लोणी चोरलं त्याच्यावर न केलेल्या चोरीचा आळ आला. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र बघू नये, बघितला तर ही कथा ऐकावी, हा रिवाज महाराष्ट्रात घरोघर आहे. पुढं काय होतं? कृष्ण नागरिकांना घेऊन माग काढतो, गुहेत शिरतो, जांबवानाशी अठ्ठावीस दिवस झुंजतो, मणी मिळवतो आणि भर सभेत सत्राजिताच्या हाती देतो. जांबवती आणि सत्यभामा अशा दोन बायकाही त्याला या प्रकरणात मिळतात. राजकुळातल्या देवावर आळ आला तर तो असा धुऊन निघतो.

जनाबाईवरही आळ आला. महिपतीच्या भक्तविजयात, म्हणजे १७६२ सालच्या ग्रंथात, ही कथा आहे. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो आणि त्याचं पदक तिच्याकडे राहतं. सकाळी देवळात पदक नाही, संशय नामदेवाच्या घरच्या दासीवर. तिला सुळावर द्यायला चंद्रभागेच्या वाळवंटात नेतात, आणि सुळाचं पाणी होतं. चोखामेळ्याचं असंच. देव त्याला रात्री राउळात नेतो, आपल्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घालतो. उजाडल्यावर चोखोबा चोर ठरतो, मार खातो, आणि चंद्रभागेच्या पलीकडच्या तीरावर राहायला जातो. दोन्ही कथांत वस्तू हलवली देवानं. दोन्ही कथांत हात धरला गेला तो घरकाम करणाऱ्या बाईचा आणि ज्याला देवळाच्या पायरीवर बंदी होती त्या माणसाचा.

देव चोरी करू शकतो का, हा परीक्षिताचा प्रश्न या दोन कथांपुढं अपुरा पडतो. इथं विचारायला हवं ते हे: देवानं केलेल्या खोडीचा आळ नेहमी कुणावर येतो? आणि चमत्कार झाला नाही तर त्या माणसाचं पुढं काय होतं?

चमत्कार न झालेल्यांची हकिगत भारताच्या कायद्यांत लिहिलेली आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्माला आलेलं मूल जन्मतःच चोर, असं सरकारनं ठरवलं. १९११ च्या कायद्यानं त्याची व्याप्ती वाढली, मुंबई इलाख्यातल्या जमाती त्यात आल्या. हजेरी, परवाना आणि सोलापूरसारख्या ठिकाणची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट हे त्यांचं रोजचं जगणं झालं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि हे लोक विमुक्त म्हणवले गेले. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर तशीच राहिली. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आलं आणि दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातही हुशार पोरं आहेत, हाताची कसरत आहे, मार सोसायचा सराव आहे. तिथं चोरीला लीला म्हणायला कुणी नाही. पोटात भूक आहे आणि काम मागायला गेलं तर जात विचारली जाते. नारदानं सांगितलेलं मोजमाप या वस्तीला लावलं तर इथं दंडाला पात्र कोण उरतो? पोटापुरतं उचलणारा की त्याला काम नाकारणारं गाव? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानण्याच्या सवयीवरही त्यात बोट ठेवलं गेलं. स्वातंत्र्याला सत्याहत्तर वर्षं झाल्यावर!

चोखोबाच्या घरात हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता. विचारणारा त्याचा मुलगा, कर्ममेळा. बाप विठ्ठलाच्या प्रेमात आपलं हीनपण विसरू बघत होता; मुलगा ते विसरायला तयार नव्हता. आम्हाला अशा जन्माला घालून तू काय मिळवलंस, असं तो देवाला तोंडावर विचारतो, आणि त्याच्या अभंगांत त्या प्रश्नावर मलमपट्टी नाही. परीक्षिताजवळ उत्तर द्यायला शुक होते. कर्ममेळ्याजवळ कुणी नव्हतं. पण वारकऱ्यांनी त्याचे अभंग टाकून दिले नाहीत. त्याच कुटुंबातल्या सोयराबाई, बंका आणि निर्मळा यांच्याबरोबर ते सकल संतांच्या गाथेत छापले जातात, आणि ज्या देवाला त्यानं जाब विचारला त्याचंच नाव घेणाऱ्यांच्या घरी ती गाथा असते.